किती माणसें मावतात?

(नभोवाणीवरील भाषण)



पावसाळ्यांतील रविवार उजाडला कीं पुण्याच्या घराघरांतून एकच प्रश्न उठतो : आज जावयाचें कोठें? तरुणांना धबधबा हवा असतो, वडील मंडळींना गड हवा असतो, पोरांना खोपोलीजवळच्या क्रीडोद्यानांतील उंच पाळणे हवे असतात, आणि घरांतल्या आजीला कोठेंही न्या, बसावयाला जागा मिळाली म्हणजे झालें. जागा मिळेल कीं नाहीं, हें मात्र निघण्यापूर्वीं कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न सुचतो तो घाटांत गाडी उभी राहिल्यावर. आज तोच प्रश्न मी आपल्यापुढें मांडणार आहें. करमणुकीच्या एखाद्या ठिकाणीं माणसें किती मावतात, आणि तें ठरवावयाचें कोणीं व कोठें?

'मावणें' हा शब्दच फसवा आहे. डब्यांत लाडू मावतात तशीं माणसें मावत नाहींत, कारण लाडवांना डब्यांतून आपल्या पायांनीं बाहेर यावयाचें नसतें.

मी शाळेंत गणित शिकवीत होतों त्या काळीं क्षेत्रफळाच्या धड्याला वर्गाच्या फरशीवर एक मीटर लांब व तितकाच रुंद असा चौकोन खडूनें आंखीत असें, आणि नववींतल्या मुलांना एकेक करून त्यांत उभें करीत असें. दोन मुलें असेपर्यंत हातवारे करून गप्पा चालत. चार झालीं म्हणजे खांद्याला खांदा लागे, तरी ज्याला बाहेर यावयाचें त्याला वाट मिळे. सहावा आंत शिरला कीं वर्गांत हंशा पिके. सातव्यानंतर चौकोनांतल्या मुलांचें हंसणें थांबत असे. मधल्या मुलाला बुटाची नाडी बांधावयास सांगितलें तर त्याला वांकतां येत नसे. चौकोन तोच, मुलें तींच. परंतु चार आणि सात ह्या दोन आंकड्यांच्या दरम्यान कोठें तरी मंडळी संपून गर्दी सुरू होत असे.

वर्गांतली ही गंमत अभ्यासकांनीं मोठ्या प्रमाणावर मोजून पाहिली आहे. चौरस मीटरला चार माणसांपर्यंत मनुष्य आपल्या इच्छेनें चालतो. संख्या सहा-सातांवर गेली म्हणजे त्याची इच्छा उरत नाहीं. सारा समूह पाण्यासारखा वागूं लागतो. एका टोकाला दिलेला रेटा लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोंचतो, आणि मधल्या माणसाचे पाय क्षणभर जमिनीवरून उचललेही जातात. आपण अशा दुर्घटनेला 'चेंगराचेंगरी' म्हणतों. त्या शब्दानें डोळ्यांपुढें चित्र उभें राहतें तें घाबरून पळणाऱ्या व एकमेकांना तुडविणाऱ्या लोकांचें. वस्तुतः पुष्कळ बळी पळतांना जात नाहींत. ते उभ्याउभ्याच जातात. छातीवर चोहोंकडून दाब पडतो, फुफ्फुसांना फुगावयास जागा मिळत नाहीं, आणि श्वास कोंडून मनुष्य मरतो. मागच्याला पुढें काय चाललें आहे तें दिसत नाहीं, म्हणून तो निष्पापपणें ढकलीतच राहतो. तेव्हां 'लोक बेशिस्त वागले' असें दुसऱ्या दिवशीं म्हणण्यांत फारसा अर्थ नसतो. सात माणसांच्या चौकोनांत शिस्तही मावत नाहीं.

आतां दुसरा हिशोब पाहूं. ब्रिटनमध्यें क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठीं जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यांत असें गृहीत धरलेलें आहे कीं, सपाट वाटेच्या एक मीटर रुंदींतून मिनिटाला फार तर ८२ माणसें जाऊं शकतात; जिना असेल तर ६६. हे दोन आंकडे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत, कारण मैदान कितीही विस्तीर्ण असलें तरी त्याची खरी मर्यादा त्याच्या अरुंदांत अरुंद जागेवर ठरते. मुलांना आम्ही हौदाचीं व नळांचीं उदाहरणें घालीत असूं : एका नळानें हौद तीन तासांत भरतो, दुसऱ्यानें पांच तासांत रिकामा होतो, इत्यादि. त्या उदाहरणांचा व्यवहारांत उपयोग काय, असें पालक विचारीत. त्यांचा उपयोग येथें आहे. जॉन लिटल नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें १९६१ सालीं रांगांविषयींचा जो सिद्धांत रीतसर सिद्ध केला तो हौदाच्या उदाहरणाचाच वडील भाऊ आहे. तासाला जितकीं माणसें आंत येतात, त्या संख्येस प्रत्येक माणूस आंत किती तास राहतो त्या संख्येनें गुणा. आंत एका वेळीं असणाऱ्या माणसांचा आंकडा मिळतो.

समजा, एखाद्या उद्यानाच्या फाटकांतून तासाला हजार माणसें आंत येतात आणि सरासरी सहा तास रमतात. फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला हजारच दिसतात; आंत मात्र सहा हजार सांचलेले असतात. सायंकाळीं पावसाची जोरदार सर आली आणि सगळ्यांनीं एकदम घरची वाट धरली, तर चार मीटर रुंदीच्या दारांतून मिनिटाला सव्वातीनशे माणसें निघतील व सर्वांना बाहेर पडावयास अठरा-एकोणीस मिनिटें लागतील. दाराची एक बाजू बंद असेल, किंवा तेथेंच भेळवाल्यानें गाडी लावली असेल, तर हींच मिनिटें दुप्पट होतात. आंत सहा हजार माणसें सुखानें फिरत होतीं ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं.

पाळण्यांचेंही गणित असेंच आहे. चोवीस आसनांचा पाळणा दर तीन मिनिटांनीं सुटला तर तासाला ४८० माणसें झुलतात. त्याच्यापुढें बाराशे उभीं असलीं कीं शेवटच्याची पाळी अडीच तासांनीं येते. तिकीट काढतेवेळीं हें गणित कोणी सांगत नाहीं. एकदां आमच्या शाळेची सहल अशाच एका उद्यानांत गेली होती. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. चौऱ्यांशीं मुलें होतीं. दिवसभरांत त्यांच्या वाट्याला तीन पाळणे आले, आणि दोन रांगा जेथें एकमेकींना छेदीत होत्या त्या चिंचोळ्या बोळांत पांचवींतली एक मुलगी चाळीस मिनिटें आमच्यापासून तुटली. ती सुखरूप सांपडली. परंतु तीं चाळीस मिनिटें मी अद्यापि विसरलों नाहीं. परततांना खिडकीवरच्या गृहस्थांना मीं विचारलें, कीं अमुक इतकीं तिकिटें विकल्यावर आपण विक्री थांबवितां काय? ते हंसून म्हणाले, "सर, तिकिटें कधीं संपतात का? छापतां येतात."

तिकिटें छापतां येतात हें अमेरिकेंतील लोकांनाही ठाऊक होतें. कॅलिफोर्नियांतील सुप्रसिद्ध डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें, त्या दिवशीं प्रवेश केवळ निमंत्रितांना होता. पण बनावट निमंत्रणपत्रिका निघाल्या आणि अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे २८,००० माणसें आंत आली. एका महाभागानें कुंपणाला शिडी लावून पैसे घेऊन लोक आंत सोडले असें सांगतात. खाद्यपदार्थ संपले, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले, उन्हानें मऊ झालेल्या डांबरांत स्त्रियांच्या बुटांच्या टांचा रुतल्या. सुदैवानें त्या दिवसाची आठवण थट्टेचा विषय म्हणून राहिली. पुढें त्याच संस्थेनें रांगांचें जवळजवळ शास्त्र बनविलें; महासाथीनंतर तर केवळ तिकीट पुरेना, कोणत्या तारखेस येणार तेंही आगाऊ नोंदवावें लागूं लागलें.

सर्वच आठवणी थट्टेच्या नसतात. १५ एप्रिल १९८९ रोजीं इंग्लंडमध्यें शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. बाहेर दाटी फार झाली म्हणून ती हलकी करण्यासाठीं एक मोठें फाटक उघडण्यांत आलें. आंत आलेला लोंढा सरळ समोरच्या बोगद्यांतून मधल्या दोन कप्प्यांत गेला. ते आधींच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे जा असें सांगावयास त्या बोगद्याच्या तोंडाशीं कोणी नव्हतें. त्या दिवसाच्या जखमांनीं एकंदर ९७ माणसें दगावलीं. म्हणजे आंत किती माणसें आहेत एवढेंच मोजून भागत नाहीं. तीं आंत कोठें आहेत हेंही मोजावें लागतें.

इतक्या दूर जावयास नको. २५ जानेवारी २००५ रोजीं, पौषी पौर्णिमेस, वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर २९० हून अधिक यात्रेकरू मृत्युमुखीं पडले. वाट चढणीची व अरुंद, दोहों बाजूंस दुकानें, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें पायऱ्या निसरड्या झालेल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं मुंबईंत तेव्हांच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ माणसें गेलीं. तेथें यात्रा नव्हती, उत्सव नव्हता. रोजचेच कामाला निघालेले लोक होते. पाऊस आला म्हणून पुढचे लोक जिन्यावर आडोशास थांबले, आणि मागून गाड्यांतून उतरणारे येतच राहिले. खालचा नळ बंद आणि वरचा चालू. माझ्या हौदाच्या उदाहरणांत इतकी क्रूर अट मीं कधीं घातली नव्हती.

आणि अगदीं आपल्या दाराशीं घडलेली गोष्ट. तळेगांव दाभाड्याजवळ इंद्रायणीच्या पात्रांत खडकाचीं नैसर्गिक कुंडें आहेत, म्हणून त्या जागेस कुंडमळा म्हणतात. तेथें गांवकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठीं एक अरुंद लोखंडी पूल होता. तो जीर्ण झाला होता व धोक्याची सूचनाही तेथें लावलेली होती. १५ जून २०२५ हा रविवार. वरच्या अंगास पाऊस झाल्यानें नदी फुगलेली, आणि फुगलेली नदी पाहावयास शहरांतून मंडळी आलेलीं. दुपारीं पूल माणसांसह खालीं गेला. चौघांचे प्राण गेले, पन्नासाच्या आसपास जखमी झाले.

ह्या पुलाचा थोडा विचार करूं. पुलावर चालणारीं माणसें व पुलावर उभीं राहणारीं माणसें ह्यांत अंतर आहे. गांवकरी पूल ओलांडतो. त्याला पलीकडे जावयाचें असतें. पर्यटकाला पुलावरच यावयाचें असतें. तो मध्यावर थांबतो, कठड्याशीं जमतो, छायाचित्र काढतो, आणि त्याच्या शेजारीं दुसरा येऊन उभा राहतो. साठ किलोचीं चार माणसें चौरस मीटरवर उभीं राहिलीं म्हणजे अडीचशे किलोंच्या जवळपास भार झाला. नवा पूल बांधतांना आपल्या देशांतील अभियंते पादचारी मार्गासाठीं चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि जेथें गर्दीचा संभव असेल तेथें ५००. म्हणजे सुस्थितींतला पूल माणसांच्या दाटीस भीत नाहीं. पण गंज लागलेल्या लोखंडाला कोणता आंकडा लावावयाचा? तेथें मर्यादा एकच, ती शून्य; आणि शून्य ही मर्यादा फलकानें पाळली जात नाहीं, ती वाट बंद करूनच पाळावी लागते. धोक्याचा फलक वाचण्याइतके सुशिक्षित लोकच त्या दिवशीं तेथें गेले होते हें आपण सुशिक्षितांनीं मान्य केलें पाहिजे.

गर्दी मुळीं वाईटच, असें मात्र मी म्हणणार नाहीं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभा राहिलेला पुणेकर गर्दीची निंदा करील तर तें ढोंग होईल. मिरवणुकीचें अर्धें सुख गर्दीच आहे. गुदमरण्याचे प्रसंग तेथेंही येतात. पण त्या रस्त्याला दोहोंकडून गल्ल्या फुटलेल्या आहेत व ज्याला नको झालें तो गल्लींत शिरतो. मांढरदेवीच्या वाटेला गल्ल्या नव्हत्या.

लहानपणीं आम्हांला पेशवे पार्कांत नेत. तेथें १९५६ सालापासून 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धांवते. तिच्यांत बसण्यासाठीं आम्ही तासभर उभे राहत असूं, रडत असूं, पण तिच्यांत कोणी दाटीवाटीनें उभा राहून गेल्याचें मला आठवत नाहीं. डबे भरले कीं शिटी वाजे. राहिलेल्यांनीं पुढच्या फेरीची वाट पाहावी. नाटकगृहाचेंही तसेंच. ज्या ठिकाणाला आसनें आहेत त्याला आपली मर्यादा ठाऊक असते. धबधबा, गड, नदीकांठ ह्यांना आसनें नसतात, म्हणून तीं कधींच 'भरत' नाहींत, आणि म्हणूनच तीं सर्वांत धोक्याचीं. सिंहगडावर गाड्या ठेवावयास जागा उरली नाहीं म्हणजे वाहनें खालींच थांबवितात. तेथें वाहनतळच नकळत गडाचीं आसनें मोजतो. हा उपाय अपुरा आहे, पण त्याच्या मुळाशीं कल्पना बरोबर आहे.

ज्या ठिकाणाला आसनें नाहींत त्याला तीं कल्पनेनें दिलीं, असें आपल्याकडचें उत्तम उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचें. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंचीवर हा जांभ्या खडकाचा सडा आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ कीं झाडें मूळ धरीत नाहींत; पण पावसाळ्याच्या उत्तरार्धांत त्याच मातींतून शेंकडों जातींचीं फुलें वर येतात. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ ठिकाणांना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत कास होतें. वारसा जाहीर झाला आणि वारस धांवले! सुट्टीच्या दिवशीं गाड्यांच्या रांगा लागल्या. फुलांत बसून, प्रसंगीं लोळून, छायाचित्रें निघूं लागलीं. ज्या मातीची जाडी बोटांनीं मोजावी तिच्यावर हजारों बूट पडले म्हणजे काय होतें हें सांगावयास वनस्पतिशास्त्रज्ञ नको. तेव्हां दिवसाला ३,००० माणसें ही मर्यादा ठरविण्यांत आली, आगाऊ नोंदणीची सोय झाली, आणि व्यवस्था पाहण्यांत आसपासच्या गांवांतील लोकांना सामील करून घेण्यांत आलें.

ह्या मर्यादेवर आक्षेप आहेत, व ते सर्वच पोकळ नाहींत. दूरच्या गांवाहून भाड्याची गाडी करून आलेल्या कुटुंबाला दारावरून परत फिरावें लागलें तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे. ज्याच्या हातांत यंत्र आहे त्यानें घरबसल्या जागा राखावी, आणि ज्याच्या हातांत नाहीं त्यानें मुकावें, हाही अन्यायच. माझ्या पिढींतील कित्येकांना ती नोंदणी नातवंडांकडून करून घ्यावी लागते. शिवाय तीन हजार माणसें सकाळीं दहा वाजतां एकदम आलीं काय आणि दिवसभरांत विखरून आलीं काय, आंकडा एकच. पण हौदाचें गणित ज्याला ठाऊक आहे तो सांगेल कीं पठारावरचा भार एकच नाहीं. मर्यादा दिवसाची असून भागत नाहीं, ती तासाची असावी लागते.

कोणी म्हणतात, नोंदणी कशाला? भाव वाढवा, गर्दी आपोआप ओसरेल. कांहीं खाजगी उद्यानें सुट्टीच्या दिवशीं तसें करतातही. पैसे देऊन झुलावयाच्या पाळण्यापुरतें तें ठीक असेल. नदी, डोंगर व फुलें ह्यांच्या बाबतींत मला तें पटत नाहीं. फुलें पाहण्याची पाळी लागावी, लिलांव होऊं नये.

आगाऊ नोंदणीचा खरा लाभ असा, कीं 'जागा नाहीं' हा निरोप माणसाला घरीं मिळतो. फाटकावर पोंचलेला माणूस परत जात नाहीं. त्यानें सुट्टी खर्चिलेली असते, पोरांना शब्द दिलेला असतो, डबे भरून घेतलेले असतात. त्याला अडविलें तर फाटकाबाहेर दुसरी गर्दी तयार होते. हिल्सबरोला फाटक उघडावें लागलें तें बाहेरच्या गर्दीमुळेंच. उंबऱ्यावर मिळालेला नकार मात्र कोणालाही चिरडीत नाहीं. पोरें तास-दोन तास रुसतात, इतकेंच.

दोन वर्षांपूर्वीं आमच्याही घरीं असा रुसवा झाला. सप्टेंबरांतल्या रविवारची नोंदणी मिळाली नाहीं. नातीनें जेवण टाकलें, मुलगा यंत्रावर पुन्हां पुन्हां बोटें आपटीत राहिला, आणि "हें सगळें तुमच्या मर्यादेमुळें," असें सौभाग्यवतींनीं मला सुनावलें, जणूं तो नियम मींच केला होता. अखेर शाळेची एक दिवसाची रजा काढून आम्ही बुधवारीं गेलों. आदल्या रात्रीं पाऊस पडून गेला होता. तेरडा गुलाबी झाला होता, मधून मधून सोनकीचे पिवळे पट्टे होते, आणि खडकावरच्या ओलींत सीतेच्या आसवांचीं निळींजांभळीं फुलें होतीं. तीं इतकीं लहान असतात कीं उभ्यानें नीट दिसतच नाहींत. नात पायवाटेच्या कडेला गुडघे टेकून, हात पाठीशीं धरून, वांकून तीं पाहात बसली. बराच वेळ बसली. मागून कोणी "चला, पुढें चला" म्हटलें नाहीं.